छापखान्याचे जुने यंत्र : रंग नको, माप पाहा!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःचा छापखाना नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर ते पाक्षिक उभे राहिले. पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', २९ जून १९२८ ला 'समता', २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत' निघाले. या वाटचालीत चळवळीने स्वतःचा छापखानाही उभा केला. भारत भूषण प्रेस आणि नंतरचा बुद्ध भूषण प्रेस ही नावे जुन्या कार्यकर्त्यांच्या आजही तोंडी आहेत. या पत्रांतील अग्रलेखांवर आपण भाषणे करतो, परिसंवाद घेतो, प्रबंध लिहितो. परंतु हे अग्रलेख ज्या यंत्रावर छापले गेले, ते यंत्र कोणी चालवले, त्याला तेल कोणी घातले, ते बिघडले तेव्हा रात्रभर जागून दुरुस्त कोणी केले, याचा विचार आपण करीत नाही. लेखणीचा इतिहास आपण लिहिला, यंत्राचा लिहिला नाही.

या विसराळूपणाची किंमत आजही मोजावी लागते. चळवळीचे दैनिक किंवा साप्ताहिक काढायचे ठरले की, नवे यंत्र घेण्याची ऐपत नसल्याने नजर जुन्या यंत्राकडे वळते. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक वृत्तपत्रांनी पाने कमी केली, आवृत्त्या गुंडाळल्या आणि त्यांची यंत्रे बाजारात आली. वेब ऑफसेटचे जुने यंत्र नव्याच्या मानाने फारच स्वस्त मिळते. मग वर्गणी गोळा होते. कोणी एक महिन्याचा पगार देतो, कोणी निवृत्तीच्या रकमेतून देतो, एखादी माउली धुण्याभांड्याच्या कमाईतून शंभराची नोट देते. या पैशातून यंत्र घ्यायला चार प्रतिष्ठित माणसे जातात. दलाल नुकत्याच रंगवलेल्या यंत्रासमोर उभा राहतो, बटण दाबतो, यंत्र फिरते, चहा येतो आणि सौदा ठरतो. त्या चार जणांत यंत्रावर काम केलेला एकही माणूस नसेल, तर त्यांनी पाहिले काय? त्यांनी रंग पाहिला!

म्हणून जुन्या यंत्राची तपासणी हा केवळ मेकॅनिकचा विषय नाही. तो समाजाच्या पैशाचा विषय आहे. तथागतांनी कालामांना जी दृष्टी दिली, ती यंत्राच्या बाबतीत आपण का सोडून देतो? कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा ऐकायला गोड वाटते म्हणून मानू नये, हे आपण विहारात ऐकतो. मग दलाल सांगतो म्हणून यंत्र चांगले, हे कसे मानायचे?

यंत्र किती फिरले?

वृत्तपत्राचे साधे वेब ऑफसेट यंत्र कसे चालते, हे आधी समजून घेऊ. कागदाचे रीळ एका टोकाला लावलेले असते. त्याची अखंड पट्टी युनिटांमधून जाते. प्रत्येक युनिटात प्लेटचे सिलिंडर आणि रबरी ब्लँकेटचे सिलिंडर अशा जोड्या असतात. प्लेटवरील शाईची प्रतिमा ब्लँकेटवर उतरते आणि ब्लँकेटवरून कागदावर. दोन ब्लँकेटांच्या मधून कागद जात असल्याने दोन्ही बाजू एकाच वेळी छापल्या जातात. पुढे फोल्डरमध्ये पट्टी त्रिकोणी पत्र्यावरून दुमडते, सुरीने कापली जाते, पुन्हा दुमडते आणि अंक बाहेर पडतो.

आता हिशेब करा. लहान यंत्रात सिलिंडरच्या एका फेऱ्यात एक अंक निघतो. ताशी ३० हजार अंकांचा वेग धरला तर मिनिटाला ५०० फेरे, म्हणजे सेकंदाला आठांहून अधिक. अंकाची कापणी ५४६ मिलिमीटरची असेल तर मिनिटाला २७३ मीटर कागद यंत्रातून धावतो. समजा, एखादे यंत्र रोज ५० हजार फेरे, वर्षाचे ३५० दिवस आणि २० वर्षे चालले. फेरे झाले ३५ कोटी! इतके फिरलेल्या बेअरिंगला आणि गिअरला रंगाचा हात देऊन तारुण्य येत नाही.

दलाल फेऱ्यांचा आकडा दाखवतो. तो पाहावा, पण त्यावर विसंबू नये, कारण मोजणीचे मीटर बदलता येते. त्यापेक्षा प्रत्येक युनिटावरची पट्टी वाचावी. तिच्यावर निर्मात्याचे नाव, क्रमांक आणि बहुधा वर्ष असते. चार युनिटांवर चार वेगळ्या घराण्यांचे क्रमांक निघाले तर समजावे, हे बारभाईंचे यंत्र आहे, ठिकठिकाणचे भाग जुळवून उभे केलेले. असे यंत्र घेऊच नये असे नाही. पण ते एकसंध यंत्राच्या भावात घेऊ नये आणि युनिटे एकमेकांशी नीट जुळतात की नाही, हे आधी पाहावे.

देखभालीची वही मागावी. तेल कधी बदलले, बेअरिंग कधी बदलले, कोणता भाग तुटला होता, याची नोंद ज्या छापखान्याने ठेवली, त्याने यंत्रही सांभाळले असण्याची शक्यता जास्त. वही नाही म्हटल्याबरोबर आपली नजर दुप्पट कडक झाली पाहिजे. आणि जो मशीनमन त्या यंत्रावर वर्षानुवर्षे राबला, त्याला गाठून विचारावे. मालक जे सांगणार नाही, ते तो दोन वाक्यांत सांगेल.

यंत्र बंद असताना काय पाहावे?

तपासणीची सुरुवात यंत्र बंद ठेवून करावी. मुख्य स्वीच बंद, त्याला कुलूप आणि किल्ली तपासणाऱ्याच्या खिशात. मग हातात टॉर्च आणि चिंधी घेऊन, पुढच्या बाजूने नव्हे, मागच्या बाजूने सुरू करावे. रंग पुढे असतो, सत्य मागे असते.

प्रथम सांगाडा. बाजूच्या भिंती ओतीव लोखंडाच्या असतात. तिथे कुठे वेल्डिंगचा डाग, रंगाखाली फुगलेली रेघ किंवा बोल्टजवळ बारीक तडा दिसतो का, ते पाहावे. शंका आली तर तडा दाखवणारे रंगीत द्रव लावून खात्री करता येते. ओतीव लोखंडाचा तडा नीट सांधणे फार अवघड असते. सांगाडा सरळ नसेल तर वरचे कोणतेही माप सरळ राहत नाही.

त्यानंतर तेल. गिअरच्या पेटीतले थोडे तेल पांढऱ्या कागदावर घ्यावे. ते दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. पिवळसर चमक दिसली तर पितळी बुश झिजत आहेत. काळे कण लोहचुंबकाला चिकटले तर गिअर किंवा बेअरिंगचे लोखंड झडत आहे. तेल अगदी नवे आणि गरजेपेक्षा जास्त घट्ट असेल तर आनंदून जाऊ नये. आवाज दाबण्यासाठी घट्ट तेल भरण्याची युक्ती जुन्या यंत्रांच्या बाजाराला नवीन नाही.

मग गिअर. दात टोकाला धारदार झालेत का, एका बाजूने खाल्ले गेलेत का, एखाद्या दाताचा टवका उडाला आहे का? दोन गिअरांच्या दातांमध्ये थोडी मोकळीक असावीच लागते, पण ती वाढली की छपाईत आडवे पट्टे उमटतात. मोकळीक डोळ्याने नव्हे, डायल गेजने मोजावी. तसेच सिलिंडरच्या दांड्यावर डायल गेज टेकवून, खालून तरफेने हलकेच उचलून पाहावे. काटा किती हलतो, तेवढा बेअरिंगमधला ढिलेपणा. सिलिंडर हाताने सावकाश फिरवून त्याचा वाकडेपणाही त्याच गेजने कळतो. आलेले आकडे यंत्राच्या मूळ पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहावेत. पुस्तिका नसेल तर ती मिळवणे हाच तपासणीचा पहिला भाग समजावा.

हे आकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात. एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणी विचारील. वृत्तपत्रातील छायाचित्र बारीक टिंबांचे बनलेले असते. इंचाला १०० ओळींच्या जाळीत दोन टिंबांमधले अंतर सुमारे पाव मिलिमीटर. त्यात एक रंग दशांश मिलिमीटरने सरकला तरी चेहरा भुरकट होतो, ओठाला दुसरी कड येते. निळ्या ध्वजाची कड फाटल्यासारखी दिसते. पहिल्या पानावर बाबासाहेबांचे छायाचित्र असे उमटले तर वाचक बेअरिंगला दोष देत नाही, आपल्याला देतो, आणि ते बरोबरच आहे.

सिलिंडरचा पृष्ठभाग हाताने चाचपावा. कागद तुटून ब्लँकेटभोवती गुंडाळला गेला की त्याचा गठ्ठा सिलिंडरांच्या मधे चेपला जातो आणि कधी कधी धातूवर खळगा पडतो. ओलाव्याची यंत्रणा असलेल्या भागात गंज अधिक असतो. प्लेटच्या कडा ज्या खाचेत अडकतात, त्या खाचा झिजल्या असतील तर प्लेट चालत्या यंत्रावर सैल होते. रबरी रोलरांवर नख दाबून पाहण्याची जुनी रीत आहे, पण रबराचा कठीणपणा मोजण्याचे छोटे उपकरण मिळते, ते वापरावे. रबर काचेसारखे गुळगुळीत झाले असेल तर ते शाई नीट उचलत नाही. रोलर मात्र बदलता येतात, त्यांच्यावर नवे रबर चढवता येते. म्हणून खराब रोलर पाहून घाबरू नये आणि नवे रोलर पाहून भुलू नये. रोलर म्हणजे यंत्राची चप्पल आहे. सिलिंडर, गिअर आणि सांगाडा हा त्याचा कणा आहे. चप्पल बदलता येते.

यंत्र चालू असताना काय पाहावे?

यंत्र आधी सावकाश, मग मध्यम, मग ज्या वेगाने आपल्याला रोज चालवायचे आहे त्या वेगाने चालवून घ्यावे. रिकामे फिरणारे यंत्र सगळीकडे चांगलेच वाटते. कागद, शाई आणि पाणी लावून, चारही रंगांत, किमान तासभर छपाई झाली पाहिजे. गरम झाल्यावर ज्या बेअरिंगला आजार आहे ते बोलू लागते. कुठे खडखड, कुठे ठराविक अंतराने ठक्, कुठे शिट्टी. यंत्र थांबवून, स्वीच बंद करून, प्रत्येक बेअरिंगच्या घरावर हात ठेवून पाहावा. सगळी सारखीच कोमट आणि एकच चटका देणारे, तर दोष तिथे आहे.

आता छापलेला कागद बोलेल. पहिली चाचणी पूर्ण काळ्या पानाची. त्यात एकाच जागी फिकट डाग येत असेल तर ब्लँकेट बदलून पुन्हा छापावे. डाग गेला तर दोष ब्लँकेटचा. डाग तिथेच राहिला तर सिलिंडर खोलगट झाला आहे, आणि तो दोष महागडा आहे. दुसरी चाचणी सलग करड्या टिंबांची. त्यात आडवे पट्टे आले तर त्यांच्यातले अंतर मोजावे. ते गिअरच्या दातांमधल्या अंतराएवढे भरले तर पट्टे गिअरचे आहेत. पट्टा फेऱ्यात एकदाच, ठराविक जागी येत असेल तर दोन सिलिंडरांच्या खाचा समोरासमोर येताना यंत्र उसळते आहे. तिसरी चाचणी बारीक रेघांची. एका रेघेच्या दोन झाल्या किंवा रेघ एकाच दिशेने पसरली तर ताण, दाब किंवा ढिलेपणा यांपैकी काहीतरी बिघडले आहे. शोधण्याची रीत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोष हलतो की तिथेच राहतो, ते पाहावे.

फोल्डरकडे तर विशेष लक्ष द्यावे. वृत्तपत्राच्या यंत्रातला हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग. सुरी, सुरीखालचे रबर, कागद धरणाऱ्या पिना, घडी घालणारे पाते, त्यांना हलवणारे कॅम हे सारे सेकंदाला आठ वेळा काम करते. लागोपाठचे शंभर अंक काढून त्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून उभा करावा. कडा एका रेषेत आल्या तर फोल्डर ठीक. कडा करवतीसारख्या दिसल्या तर पिना, कॅम किंवा कागदाचा ताण यांची तपासणी करावी. युनिट उत्तम आणि फोल्डर मोडका, अशा यंत्रावर पहाटे अंक वेळेवर निघत नाही, आणि वेळेवर न निघालेले दैनिक म्हणजे रद्दी!

विजेचा भाग वेगळ्या जाणकाराकडून तपासून घ्यावा. जुन्या यंत्रांवर डीसी मोटार असते. तिच्या कम्युटेटरवर चॉकलेटी, एकसारखी झाक असेल तर बरे. काळे चट्टे, चऱ्या आणि कार्बन ब्रशखाली ठिणग्या दिसल्या तर खर्च समोर उभा आहे. वेग सांभाळणाऱ्या जुन्या इलेक्ट्रॉनिक कार्डाची निर्मिती बंद झाली असेल, तर एक कार्ड जळाल्यावर सगळे यंत्र उभे राहते. सुटे भाग कुठे मिळतात, किती दिवसांत मिळतात, हे सौद्याआधी विचारावे. कोल्हापुरात वेब ऑफसेट यंत्रे बनवणारा मोठा कारखाना उभा राहिला, फरिदाबादलाही अशी यंत्रे बनली. त्यामुळे देशी यंत्राचा जाणकार आणि सुटा भाग शोधणे तुलनेने सोपे. परदेशातून आलेले दुर्मीळ यंत्र दिसायला भारदस्त असते, पण त्याचा एक दाता तुटला की महिनाभर वाट पाहावी लागते.

बोटांची किंमत

यंत्राच्या तपासणीत सर्वांत आधी यायला हवी आणि सर्वांत शेवटी येते, अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे त्यावर काम करणाऱ्याची सुरक्षितता. दोन सिलिंडर एकमेकांकडे फिरतात, त्या सांध्यात कागद आत ओढला जातो, तसाच हातही ओढला जातो. सेकंदाला आठ फेऱ्यांच्या वेगात माणसाला हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. चालत्या ब्लँकेटवर चिंधी फिरवणारा मदतनीस आपण शूर समजतो. तो शूर नाही, त्याला धोक्यात ढकलले गेले आहे.

म्हणून तपासणीत पाहावे : सांध्यांवरची जाळी जागेवर आहे का? ती उघडली की यंत्र आपोआप थांबते का? की कोणी तार जोडून ती सोय निकामी केली आहे? प्रत्येक युनिटाजवळ लाल बटण आहे का आणि ते दाबल्यावर यंत्र खरोखर थांबते का? सुरू होण्याआधी घंटा वाजते का? कागद तुटल्याबरोबर यंत्र थांबवणारी यंत्रणा चालते का? जाळी काढून फेकलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी ते महाग आहे, कारण उरलेली किंमत कोणाच्या तरी बोटांनी चुकवायची असते. आणि ती बोटे कोणाची असतात? मालकाची नसतात, संपादकाचीही नसतात. रात्रपाळीला आलेल्या वस्तीतल्या पोराची असतात!

हा विषय आपल्याला परका नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईतून 'दीनबंधु' चालवले आणि त्याच लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. वृत्तपत्र आणि कामगार त्यांच्यासाठी वेगळे नव्हते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याची नावे बदलली, पण सिलिंडरचा सांधा बदलला नाही. ज्या चळवळीच्या नेत्याने देशाच्या कामगारासाठी एवढे केले, त्या चळवळीच्या छापखान्यात जाळीविना यंत्र चालत असेल, तर पहिल्या पानावर कामगारांच्या हक्कांचा अग्रलेख छापण्याचा आपल्याला काय अधिकार?

मशीनमनची सही

यातून मुख्य मुद्दा निघतो. तपासणीचे वरचे सारे तपशील एखाद्या जाणत्या मशीनमनला पाठ असतात. आपल्या समाजात असे मशीनमन, फिटर, वायरमन, आयटीआय झालेली पोरे भरपूर आहेत. कित्येकांची उमर मोठ्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांत गेली. मग यंत्र घ्यायला जाताना आपण त्यांना का नेत नाही? कारण बैठकीत खुर्ची मिळते ती प्राध्यापकाला, वकिलाला, अधिकाऱ्याला, नेत्याला. शाईने काळे झालेले हात सतरंजीच्या कडेला बसतात. जातिव्यवस्थेने कामांबरोबर माणसांचीच उतरंड लावली, हाताने काम करणाऱ्याला अज्ञानी आणि पोथी वाचणाऱ्याला ज्ञानी ठरवले, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले. तीच उतरंड आपण आपल्याच बैठकीत लावत असू, तर बाहेरच्यांना काय म्हणून दोष द्यायचा?

म्हणून सूचना अशी : समाजाच्या पैशातून जुने यंत्र घ्यायचे असेल तर तपासणीचा लेखी अहवाल झाल्याशिवाय पैशाचा व्यवहार करू नये. अहवालात प्रत्येक युनिटाचा क्रमांक, मोजलेले आकडे, चाचणीचे छापील कागद आणि दुरुस्तीचा अंदाजी खर्च असावा. त्यावर किमान दोन सह्या असाव्यात. एक मशीनमनची आणि एक विजेच्या जाणकाराची. अध्यक्षांची सही त्यांच्या खाली. किमतीच्या पुढे यंत्र सोडवण्याचा, क्रेनचा, ट्रकचा, पायाचा, पातळी साधून पुन्हा उभारण्याचा, नव्या रोलरांचा आणि पहिल्या महिन्यांत वाया जाणाऱ्या कागदाचा खर्च मांडावा. बेरीज केल्यावर स्वस्त यंत्र कित्येकदा स्वस्त उरत नाही. हा अहवाल देणगीदारांना वाचायला खुला असावा. 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेबांनी पत्राच्या अडचणी वाचकांपासून लपवल्या नाहीत, त्या समाजापुढे मांडल्या. शंभर रुपये देणाऱ्या माउलीलाही ते शंभर रुपये कोणत्या बेअरिंगवर फिरताहेत, हे कळले पाहिजे.

आणि अहवाल 'नको' म्हणत असेल, तर नको म्हणण्याची हिंमत ठेवावी. काही कार्यकर्ते म्हणतील, स्वतःचे यंत्र नसेल तर स्वाभिमान कसला? हा युक्तिवाद भावनेला पटतो, बुद्धीला पटत नाही. 'मूकनायक' स्वतःच्या यंत्राविना निघाले, म्हणून त्याचा आवाज कमी झाला नाही. चांगल्या छापखान्यात रोख पैसे मोजून वेळेवर, स्वच्छ अंक काढणे यात कमीपणा नाही. स्वाभिमान म्हणजे स्वतःच्या मालकीचे भंगार नव्हे! त्याच वेळी हेही खरे की, यंत्र दुसऱ्याचे असले की अडचणीच्या दिवशी अंक अडवण्याची ताकदही दुसऱ्याकडे असते. म्हणून स्वतःचे यंत्र हवेच, पण ते चालणारे हवे, मोजून घेतलेले हवे आणि चालवणारी माणसे आपण शिकवलेली हवीत.

ज्यांच्याकडे आधीच जुने यंत्र आहे, त्यांनी हीच तपासणी दरवर्षी करावी. गेल्या वर्षी बेअरिंगचा ढिलेपणा किती होता आणि यंदा किती झाला, हे वहीत लिहिलेले असेल तर यंत्र कधी थकणार, हे आधी कळते. मग वर्गणी घाईत मागावी लागत नाही. यंत्र अचानक मरत नाही. ते वर्षानुवर्षे सांगत असते, ऐकणारा पाहिजे.

एक शेवटची गोष्ट. काही यंत्रे चालण्यासाठी नसतात, जपण्यासाठी असतात. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा बुद्ध भूषण प्रेसची वास्तूही जमीनदोस्त झाली आणि समाज रस्त्यावर आला. त्या संतापाचा अर्थ एवढाच होता की, छापखाना ही आपल्यासाठी केवळ इमारत नव्हती, ती आपल्या बोलण्याची जागा होती. गावोगावी चळवळीची पत्रके छापणारी जुनी ट्रेडल यंत्रे, खिळ्यांच्या केसेस, लाकडी ठोकळे आजही कुठे कुठे धूळ खात असतील. ती किलोच्या भावाने भंगारात घालू नका. ज्यावर रोजचा अंक काढायचा, त्या यंत्राकडे भावनेने पाहू नये. ज्यावर आपला इतिहास छापला गेला, त्या यंत्राकडे भंगारवाल्याच्या नजरेने पाहू नये. पहिल्याला डायल गेज लावा, दुसऱ्याला पुसून, तेल देऊन, नावाची पाटी लावून ठेवा.

बंधू-भगिनींनो, शिकण्याचा मंत्र आपण पुस्तकापुरता ठेवला. गिअरचे दात मोजणे, तेल पारखणे, चुकीचा पट्टा ओळखणे, हेही शिक्षणच आहे. पुढच्या वेळी कोणी सभेत छापखान्यासाठी वर्गणी मागितली तर ती जरूर द्या. पण देताना एवढेच विचारा : तपासणीचा अहवाल कुठे आहे आणि त्यावर मशीनमनची सही आहे का?

जय भीम!